खुनाचा चित्रपट आणि घरातील मुले

पूर्वी चित्रगृहाच्या दारावर एक माणूस उभा असे. तो तिकीट पाही, तिकिटाबरोबर मुलाचे वयही पाही, आणि प्रौढांसाठी राखलेल्या खेळाला आलेल्या पोराला परत पाठवी. आता पडदा बैठकीच्या भिंतीवर आला आहे, किंबहुना मुलाच्या तळहातावर आला आहे, आणि दारावर कोणीही उभे नाही. त्यामुळे एकामागून एक खून करणाऱ्या माणसाची कथा सांगणारा चित्रपट कुटुंबाने पाहावा की न पाहावा, या प्रश्नाचे उत्तर घरातल्या वडीलधाऱ्यांनाच द्यावे लागते.

हे उत्तर बहुधा दोन प्रकारे दिले जाते. काही घरांत खुनाचे नाव निघताच पडदा बंद होतो. काही घरांत "सिनेमाच तर आहे" असे म्हणून तो चालू राहतो आणि पाच वर्षांचे मूल आजीच्या मांडीवर बसून सारे काही पाहते. दोन्ही उत्तरे सोपी आहेत आणि दोहोंतही विचार करण्याचा त्रास वाचतो. तो त्रास घ्यावयाचा झाल्यास एखादा प्रत्यक्ष चित्रपट समोर ठेवलेला बरा. त्यासाठी ‘एम’ या जुन्या जर्मन चित्रपटाइतके योग्य उदाहरण क्वचितच सापडेल, कारण अशा चित्रपटांच्या घराण्यातील तो एक मूळ पुरुष मानला जातो.

‘एम’ प्रथम दाखविला गेला तो 11 मे 1931 रोजी, बर्लिन शहरात. दिग्दर्शक होता फ्रिट्झ लांग. त्याचा हा पहिलाच बोलपट. कथा लांग आणि त्याची पत्नी थेआ फॉन हार्बू या दोघांनी मिळून लिहिली होती. या लेखिकेचा संबंध पुढे बेळगावशी जुळला. लांगशी तिचा घटस्फोट 1933 साली झाला. बेळगावकडील अयी गणपत तेंडुलकर हे गृहस्थ त्या काळी बर्लिनमध्ये राहून शिकत होते व वृत्तपत्रांत लिहीत होते. त्यांच्याशी तिने गुप्तपणे विवाह केला, कारण नाझी राजवटीत असा विवाह उघडपणे होणे शक्य नव्हते. तेंडुलकर पुढे मायदेशी परतले. त्यांच्या कन्येने 2013 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पुस्तकात ही हकीकत विस्ताराने सांगितली आहे.

चित्रपट निघाला तेव्हा त्याचा विषय जर्मनीत केवळ कल्पनेचा नव्हता. डुसेलडॉर्फ शहराला भयभीत करून सोडणारा पीटर क्युर्टेन 1930 च्या मे महिन्यात पकडला गेला होता. 1931 च्या एप्रिलमध्ये त्याच्यावर खटला चालला, नऊ खुनांबद्दल त्याला देहदंड झाला, आणि 2 जुलै रोजी कलोन येथे शिक्षेची अंमलबजावणी झाली. निकाल लागून गेला आहे आणि शिक्षा व्हावयाची आहे, अशा नेमक्या मधल्या दिवसांत बर्लिनचे लोक हा चित्रपट पाहत होते. पडद्यावरची भीती त्यांनी वृत्तपत्रांतून आधीच घरी आणलेली होती.

कथेचा आरंभ एका चाळवजा इमारतीच्या चौकात होतो. मुले गोल उभी राहून, गाणे म्हणत, एकेकाला बाद करण्याचा खेळ खेळत आहेत. आणि गाणे आहे गावात फिरणाऱ्या खुन्याचे. वरून एक बाई त्यांना दटावते. मग ती धुण्याची टोपली एल्सी नावाच्या मुलीच्या आईकडे पोहोचविते आणि पोरांच्या त्या गाण्याविषयी कुरकुर करते. एल्सीची आई म्हणते की, मुलांचा आवाज कानी येतो आहे तोवर ती जागेवर आहेत एवढे तरी कळते. मग ती स्वयंपाकाकडे वळते. घड्याळात बारा वाजतात. शाळा सुटते. एल्सी रस्ता ओलांडते तेव्हा एक पोलीस शिपाई वाहने थांबवून तिला पलीकडे जाऊ देतो. जाता जाता ती आपला चेंडू एका खांबावर आपटते. त्या खांबावर खुन्याला पकडून देणाऱ्यास दहा हजार मार्कांचे बक्षीस जाहीर करणारे पत्रक चिकटविलेले आहे. त्या पत्रकावर एका माणसाची सावली पडते. सावली वाकते आणि मुलीला तिचे नाव विचारते.

पुढे तो माणूस एका आंधळ्या विक्रेत्याकडून तिला फुगा घेऊन देतो. तो शीळ घालीत असतो. सूर असतो एडवर्ड ग्रीगच्या ‘पेअर गिन्त’ मधला. इकडे आई ताट मांडून वाट पाहते. जिन्यावर पावले वाजली की दार उघडते. ती दुसऱ्याच मुलांची असतात. शेवटी ती खिडकीतून हाक मारते. त्या हाकेबरोबर पडद्यावर रिकामा जिना दिसतो, रिकामा माळा दिसतो, जेवणाच्या टेबलावरचे न वापरलेले ताट दिसते. मग झुडपातून चेंडू घरंगळत येऊन थांबतो, आणि फुगा तारांत अडकून क्षणभर हेलकावतो. एवढेच. खून दिसत नाही, शस्त्र दिसत नाही, रक्ताचा थेंब दिसत नाही.

येथेच प्रश्न उभा राहतो. रक्ताच्या थेंबांवरून चित्रपटाची योग्यता ठरवावयाची, तर ‘एम’ सहज निर्दोष ठरेल. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला हा चित्रपट दाखविणे योग्य होईल काय? मुळीच नाही. कापलेला हात हा रंगविलेला आहे, असे त्या वयाच्या मुलाला समजावून सांगता येते. पण रिकामे ताट हे खोटे आहे असे कसे सांगणार? ज्या मुलाची स्वतःची आई त्याला दररोज शाळेतून आल्यावर ताट वाढते, त्याला त्या हाकेचा अर्थ मोठ्या माणसापेक्षा लवकर कळतो, आणि त्या अर्थापुढे त्याच्याजवळ कोणतीही ढाल नसते. न दाखविण्यामागचा हेतू लांगने पुढे स्वतःच स्पष्ट केला होता. जे दाखविले नाही ते प्रत्येक प्रेक्षक आपापल्या भीतीनुसार मनात रचतो, असे त्याचे म्हणणे होते. प्रौढ प्रेक्षकाच्या बाबतीत हा कलेचा गुण ठरतो. लहान मुलाच्या बाबतीत तोच धोका ठरतो, कारण त्याची कल्पना कोठे थांबावे हे जाणत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, चित्रपटात किती हिंसा दिसते हे मोजून भागत नाही. मग मोजावयाचे काय? त्याचे उत्तर ‘एम’ च्या उत्तरार्धात मिळते.

खुनी सापडत नाही म्हणून सारे शहर संशयाने पछाडते. एका रस्त्यावर एक छोटी मुलगी चष्मेवाल्या, किरकोळ शरीराच्या म्हाताऱ्याला वेळ विचारते. तो वेळ सांगतो, आता घरी जा म्हणतो, आणि सहज विचारतो की तू कोठे राहतेस. तेवढ्यात एक धिप्पाड इसम पुढे होतो आणि मुलीच्या घराशी तुझा काय संबंध, असा जाब विचारतो. माणसे जमतात. क्षणात म्हातारा खुनी ठरतो. चित्रपटात हा प्रसंग मिनिट-दोन मिनिटांचा आहे आणि तो पाहताना हसूही येते. पण महाराष्ट्रातील प्रेक्षकाला तो आता हसत पाहता येणार नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजारात सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या, भिक्षेवर पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाइल फोनवरून पसरलेली होती. त्यांच्यापैकी एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, एवढे निमित्त पुरले, असे त्या वेळच्या वृत्तांत आले होते.  राईनपाड्याची माणसे वाचली नाहीत.

पुढे कथेला एक विलक्षण वळण लागते. पोलिसांच्या रोजच्या छाप्यांनी चोर, दरोडेखोर आणि खिसेकापू यांचा धंदा बसतो, म्हणून खुन्याला शोधण्याचे काम तेच हाती घेतात. भिकाऱ्यांना रस्ते वाटून दिले जातात. फुगे विकणारा आंधळा ती शीळ ओळखतो. एक पोरगा आपल्या तळहातावर खडूने ‘एम’ हे अक्षर काढतो, कारण खुनी या अर्थाच्या जर्मन शब्दाचे ते आद्याक्षर होय. मग तो खुन्याला धक्का लागल्याचे निमित्त करून ते अक्षर त्याच्या खांद्यावर उमटवितो. पाठीवरची ती खूण त्या माणसाला स्वतःला दिसत नाही. त्याच्यासोबतची लहान मुलगीच त्याला सांगते की तुमचा कोट मळला आहे.

बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातही अशीच एक खूण आहे. काइन आपला भाऊ हाबेल याचा खून करतो. देव त्याला शाप देतो, देशोधडीला लावतो; पण त्याच्यावर एक खूणही करतो, ती यासाठी की, भेटेल त्याने त्याला ठार मारू नये. शिक्षा त्याला चुकलेली नाही, परंतु ती देण्याचा अधिकार रस्त्यावरच्या माणसाला नाही. ‘एम’ मधील खडूची खूण नेमकी उलट कामासाठी आहे. ज्याच्या पाठीवर ती दिसेल त्याला गाठा आणि मारा, हा तिचा अर्थ होय.

गुन्हेगार खुन्याला पकडून एका बंद पडलेल्या दारूच्या कारखान्यात आणतात आणि तेथे आपले न्यायालय भरवितात. न्यायाधीशाच्या जागी बसलेल्या पुढाऱ्याच्या नावावर स्वतःचेच तीन मनुष्यवध आहेत. पीटर लोरे या नटाने खुन्याची भूमिका केली आहे. गुडघ्यांवर पडून, घोगऱ्या आवाजात तो सांगतो की तुम्ही गुन्हे करता ते स्वेच्छेने करता, एखादा धंदा शिकून ते सोडूही शकता. माझ्या आत जे आहे ते मला सोडीत नाही. त्याचा नावापुरता नेमलेला वकील निर्भयपणे म्हणतो की, जो आपल्या कृत्याला जबाबदार नाही त्याला ठार मारण्याचा हक्क कोणालाही नाही. त्याला समाजाला निरुपद्रवी करणे हे राज्याचे काम आहे. जमाव ऐकत नाही. तो धावून जाणार तोच पोलीस येतात आणि कायद्याच्या नावाने एक हात त्या खांद्यावर पडतो.

हा प्रसंग पाहून प्रेक्षकाला खुन्याची कीव येते, आणि म्हणूनच काही पालकांना हा चित्रपट घातक वाटू शकेल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तथापि लांग तेथे थांबत नाही. अखेरीस खरे न्यायालय दिसते, निकाल मात्र ऐकविला जात नाही. कॅमेरा वळतो तो काळी वस्त्रे परिधान केलेल्या मातांकडे. त्यांतली एक म्हणते की, निकालाने आमची मुले परत येणार नाहीत. मुलांकडे अधिक लक्ष ठेवावयास हवे. दया, कायदा आणि शोक या तिन्ही गोष्टींना चित्रपट आपापली जागा देतो, पण शेवटचा शब्द शोकाला देतो.

या प्रसंगाचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. नाझी राजवटीने 1934 साली ‘एम’ वर बंदी घातली. पीटर लोरे ज्यू होता. तो आणि लांग दोघेही 1933 मध्ये जर्मनीतून बाहेर पडले. 1940 साली नाझींनी ज्यू लोकांविरुद्ध द्वेष पसरविणारा एक प्रचारपट काढला आणि त्यात लोरेच्या याच कबुलीजबाबाचा तुकडा कापून घातला. नटाने केलेला अभिनय हा एका साऱ्या जमातीचा स्वभाव म्हणून लोकांना दाखविला गेला. ज्या दृश्यात जमावाच्या न्यायाचा धिक्कार होता, तेच दृश्य मागचा-पुढचा भाग तोडून जमावाला चेतविण्यासाठी वापरले गेले. आज मुले चित्रपट तुकड्यातुकड्यांनी, तीस-चाळीस सेकंदांच्या कात्रणांनी पाहतात. अख्ख्या चित्रपटापेक्षा त्याचा तुटलेला तुकडा अधिक विषारी असू शकतो, याचा याहून मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही.

आता मोजमापाच्या प्रश्नाकडे परत येता येईल. चित्रपट पाहून उठल्यावर मुलाच्या ओठांवर कोणाचे नाव राहते, ही खरी कसोटी होय. 1960 चा ‘सायको’ आणि 1991 चा ‘द सायलेन्स ऑफ द लँब्ज’ हे दोन्ही चित्रपट कलेच्या दृष्टीने उच्च प्रतीचे आहेत. दुसऱ्यात तर एक तरुण, प्रामाणिक स्त्री एका मुलीचे प्राण वाचविते. परंतु अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने 2003 साली पडद्यावरच्या खलपुरुषांची यादी केली, तेव्हा पहिल्या दोन स्थानांवर याच दोन चित्रपटांतील खुनी आले. त्यांच्या हातून मेलेल्यांची नावे किती प्रेक्षकांना सांगता येतील? ‘एम’ मध्ये मनात घुमत राहते ते नाव एल्सीचे. खुन्याच्या वाट्याला चित्रपटाच्या मथळ्यातसुद्धा एक अक्षर येते. जो चित्रपट मारणाऱ्याला चतुर, रुबाबदार आणि हवाहवासा करतो, आणि मरणाऱ्याला केवळ संख्या करतो, तो रक्ताविना असला तरी घरात आणण्यापूर्वी दहादा विचार करावा.

कायदा या कामी किती मदत करतो? भारतात 1952 च्या चलचित्र अधिनियमाने चित्रपटांची वर्गवारी केली. सर्वांसाठी ‘यू’ आणि प्रौढांसाठी ‘ए’. 1983 साली पालकांच्या मार्गदर्शनाचा ‘यूए’ वर्ग आला. 2023 च्या दुरुस्तीने त्याचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन भाग झाले, आणि घरबसल्या दाखविल्या जाणाऱ्या चित्रपटांनाही 2021 च्या नियमांनी असेच वयोगट लावले. सर्वोच्च न्यायालयाने 1970 साली ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात मान्य केले होते की, चलचित्र इतर कलांपेक्षा भावना अधिक खोलवर हलविते आणि मुलांच्या मनावर त्याचा परिणाम विशेष होतो. त्याही पूर्वी, 29 जून 1936 रोजी, पोप अकरावे पायस यांनी चित्रपटांविषयी लिहिलेल्या परिपत्रात प्रत्येक देशात चित्रपटांचे वर्गीकरण करून याद्या प्रसिद्ध कराव्यात असे सुचविले होते. धर्मसत्ता असो वा राजसत्ता, दोघींनी यादीपर्यंत काम केले आहे. यादी वाचून निर्णय घेण्याचे काम मात्र दोघींनीही घरावरच सोपविले आहे. प्रमाणपत्र वय सांगते. समोर बसलेले मूल कसे आहे, ते कालच कोणाच्या मृत्यूने हादरले आहे काय, ते रात्री दचकून उठते काय, हे प्रमाणपत्राला ठाऊक नसते.

म्हणून काही साधे नियम घरोघर पाळण्यासारखे आहेत. असा चित्रपट वडीलधाऱ्यांनी आधी स्वतः पाहावा. बारा-तेरा वर्षांखालील मुलांना तो दाखवू नये. त्यात दिसणारे काही नसले तरीही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांबरोबर ‘एम’ सारखा चित्रपट अवश्य पाहावा, पण बरोबर बसून, आणि दिवसाउजेडी. संपल्यावर लगेच झोपावयास न जाता तासभर बोलावे. त्या चष्मेवाल्या म्हाताऱ्याच्या जागी आपले आजोबा असते तर? वकिलाचे म्हणणे बरोबर होते काय? त्या आईला कशाने समाधान मिळाले असते? या प्रश्नांची उत्तरे मुलांनी चुकीची दिली तरी ती शांतपणे ऐकून घ्यावीत.

आणि एक गोष्ट मुलांना सांगावयास विसरू नये. चित्रपटातला माणूस अनोळखी आहे आणि तो फुगा घेऊन येतो. प्रत्यक्षात मुलांना इजा करणारे बहुतांशी त्यांच्या ओळखीचेच निघतात, असे बालकांवरील लैंगिक अत्याचाराची सरकारी आकडेवारी वर्षानुवर्षे दाखवीत आली आहे. तेव्हा केवळ परक्यांची भीती शिकवून भागत नाही. परक्यांच्या भीतीतून राईनपाडा घडू शकते, आणि ओळखीच्या माणसाचे कृत्य झाकलेलेच राहते. कोणीही, अगदी घरातल्या माणसानेही, नकोसे वागविले तर ते सांगता येईल असे एक तरी माणूस मुलाजवळ असावे. तसे कोणी नसेल तर 1098 या बालसाहाय्याच्या क्रमांकावर फोन करता येतो, हेही त्याला माहीत असावे.

एल्सीची आई म्हणाली होती की, मुलांचा आवाज येतो आहे तोवर ती जागेवर आहेत हे कळते. आज अनेक घरांत मूल जागेवर असते, शेजारच्या खोलीतच असते, पण त्याचा आवाज येत नाही. कानांत यंत्र असते, डोळे तळहातावर असतात, आणि ते काय पाहत आहे हे कोणाला ठाऊक नसते. अशा घरात कोणता चित्रपट योग्य आणि कोणता अयोग्य, याची चर्चा करण्यापूर्वी त्या खोलीचे दार उघडून मुलाला नावाने एक हाक मारणे अधिक अगत्याचे आहे. हाकेला ओ आली की मग दोघांनी मिळून काय पाहावयाचे ते ठरविता येईल.